रहाटातला ऐन आणि माझी शिंक

मला घरातून हाकललं, असं मी पुढे कित्येक वर्षं मित्रांना रंगवून सांगत असे. खरं म्हणजे मला पाहुणा म्हणून पाठवलं होतं. फरक एवढाच, की हाकललेल्या माणसाच्या हातात कोणी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुरचुंडी आणि सुपारीची पिशवी देत नाही. मॅट्रिकची परीक्षा नुकतीच संपली होती, निकालाला अवकाश होता आणि माझं बूड कुठेही टेकत नव्हतं. दिवेआगरच्या आमच्या वाडीत नारळ-पोफळींना पाटाचं पाणी देण्याचं काम माझ्याकडे होतं. काम सोपं. एक आळं भरलं की मातीचा बांध फोडायचा आणि पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं. पण समुद्रावर एखादं शीड दिसलं की पाण्याआधी माझे पाय वळत. एकदा असाच गलबत बघायला म्हणून गेलो आणि परत येईपर्यंत पाणी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात शिरून चुलीला टेकलं होतं. काकूंनी भांडण केलं नाही. ओलं झालेलं सगळं सरपण त्यांनी एकेक करून आमच्या ओटीवर आणून रचलं. वडिलांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वसंता, निकाल लागेपर्यंत अक्काकडे जा. तिकडे नुसती झाडं आहेत. ती एका जागी कशी उभी राहतात, ते जरा बघून ये."

अक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. म्हसळ्याच्या पलीकडे डोंगरांच्या बेचक्यात तिचं घर होतं. मी निघालो खरा, पण माझं मन ना दिवेआगरात होतं, ना आत्याकडे. ते मुंबईत जाऊन बसलं होतं. गावचा एक मित्र गोदीत कामाला लागला होता आणि "निकाल लागला की ये, तुलाही चिकटवतो" असा त्याचा निरोप होता. त्यामुळे मध्ये येणारी प्रत्येक गोष्ट मला स्टेशनावरच्या बाकड्यासारखी वाटायची: टेकायचं, ते पुढची गाडी येईपर्यंत. म्हसळ्यापर्यंत मोटार होती. पुढे खाडीवर सागाचे सोट उतरवून रिकामी परतणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीवानाने मला सोट बांधायच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवलं.

जंगल म्हणजे हिरवंगार, अशी माझी पुस्तकी समजूत. वैशाखातलं ते जंगल तसं नव्हतं. साग पानं गाळून उभे होते. ऐनाच्या फांद्या राबासाठी छाटलेल्या, त्यामुळे ती झाडं मुंज लागलेल्या बटूंसारखी बोडकी दिसत होती. उतारावर जागोजाग जमिनीचे काळे चौकोन होते. भाताचं रोप टाकायचं तिथे आधी पाला, शेण, डहाळ्या पसरून जाळतात, त्या राखेत रोप जोमाने येतं, हे गाडीवानाकडून कळलं. मी विचारलं, "आणि आग जंगलात शिरली तर?" तो मागे न बघता म्हणाला, "तुमच्यावानी पाव्हना राखणीला बसवला तर शिरंल." दोन तास मी त्या दोरखंडावर जागा बदलत होतो, ते त्याने पाठीच्या डोळ्यांनी पाहिलं असावं.

आत्याचं घर लाकडाचंच होतं म्हणायला हरकत नाही. माती फक्त फटी बुजवायला. खांब ऐनाचे, वासे किंजळीचे, दार फणसाचं. दार उघडलं की अजूनही फणसाचा वास येतो असं आत्या म्हणायची, पण तो बहुतेक माळ्यावर पिकत घातलेल्या फणसांचा असावा. आत्याच्या यजमानांना आम्ही आबा म्हणत असू. भातशेती आणि मागचं मालकीचं जंगल, एवढा त्यांचा संसार. माणसांशी ते बेताचं बोलत आणि लाकडाशी जास्त. जाता-येता खांबावर बोटाचं पेर वाजवायचे, कान लावायचे आणि "हं" म्हणून पुढे जायचे. मला त्यांनी असं वाजवून पाहिलं नाही, पण पहिल्या जेवणाच्या वेळी ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात तोच "हं" होता.

जेवण मात्र असं, की आज पथ्याची भाकरी मोडताना आठवू नये. सकाळी नाचणीची आंबील. दुपारी कडव्या वालांचं बिरडं, त्यात मी नेलेले सोडे पडले तेव्हा आत्याने वाफ नाकात घेतली आणि काही क्षण ती त्या घरात नव्हतीच, माहेरच्या ओट्यावर होती. संध्याकाळी फणसाच्या रसाची सांदणं आणि नारळाचं दूध. खाऊन मी पुन्हा उठायचो. ओटीवर, अंगणात, गोठ्यात, परत ओटीवर. आमच्याकडे समुद्राची गाज जन्मापासून कानात असते, ती तिथे बंद झाली होती आणि त्या जागी काय भरावं ते मला कळत नव्हतं. समोरच्या उतारावर कुऱ्हाड पडताना दिसायची आणि तिचा आवाज मागाहून यायचा. तेवढ्या मधल्या वेळातसुद्धा मी अस्वस्थ व्हायचो. आत्याने माझं नाव 'चुळबुळ्या' ठेवलं. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मी तासन् तास एका खुर्चीत असतो, आणि सूनबाई पाहुण्यांना सांगते, "बाबा किती शांत आहेत!" शांत कसला डोंबल. शरीर बसलंय, एवढंच.

त्या घरात माझ्याइतकंच अस्वस्थ आणखी एक माणूस होतं. आत्याची सुमा. माझ्याहून वर्षाने मोठी, सातवीची फायनल पास झालेली. नदीपलीकडच्या गावातल्या शाळेत तिला मास्तरीण म्हणून घेणार होते. आधीचे मास्तर दिवाळीला म्हणून घरी गेले ते परतलेच नाहीत, फक्त राहिलेली छत्री मागवून घेतली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. अडचण नदीची होती. उन्हाळ्यात तिच्यात गोटे आणि गुरं, पण पावसाळ्यात ती दसऱ्यापर्यंत कोणाला पलीकडे जाऊ देत नसे. दोन लांब सोट आडवे टाकून, वर बांबू आणि माती घालून केलेला साकव होता, तो आदल्या वर्षीच्या पुरात गेला होता.

"साकव झाला तर खुशाल जा," आबा जेवताना म्हणाले. "सकाळी जायचं, दिवेलागणीला घरात. साकव नाही तर शाळा नाही. माणगावचे लोक उत्तर मागतायत."

माणगावचे म्हणजे सुमाला सांगून आलेलं स्थळ. भाताची गिरण, दोन मजली घर, सगळं चांगलं. सुमाचं त्याबद्दलचं मत तिने मला ताक वाढताना सांगितलं. "वश्या, तो माणूस जेवताना डोळे मिटतो. म्हणजे समोर कोण बसलंय, याच्याशी त्याला कर्तव्यच नाही."

आता साकवाला लागणारे लांब सोट आबांच्या जंगलात उरले नव्हते. असलेले त्यांनी गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या गलबतं बांधणाऱ्यांना विकले होते. म्हणजे ज्या शिडांच्या मागे पळून मी काकूंची चूल बुडवली, त्यांच्या पोटात आबांचीच झाडं असायची. पाचेक मैलांत सोटाजोगं एकच झाड होतं. देवराईत, तिकडचे लोक तिला रहाट म्हणतात, गेल्या पावसात एक ऐन उन्मळून आडवा झाला होता. सरळ, लांब, आणि एवढा जाड की उभा चिरला असता तर साकवाचे दोन्ही सोट त्यातच निघाले असते. पण रहाटातली पडलेली काडीसुद्धा देवाची. कुजेल, पण उचलायची नाही. उचलायची तर देवाला कौल लावून विचारायचं.

"देवाला विचारू," आबा म्हणाले. "तो काय सांगेल ते खरं. मग मी एक अक्षर बोलणार नाही."

सुमाने त्या रात्री ताटं घासताना एकही ताट आपटलं नाही, यावरून ती किती घाबरली होती ते ओळखावं.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी मी फिरायला गेलो. कुठे, असं काही ठरलं नव्हतं. पाय गेले तिकडे. शेताच्या कडेने, करवंदीच्या जाळीतून, मग एकदम गारव्यात. इतर जंगल बोडकं, आणि इथे वर बघावं तर आभाळच नाही. वेली मांडीएवढ्या जाड. मध्ये एक ऐन पडलेला; हाच तो देवाचा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याची एक वाळलेली फांदी इतकी सरळ होती की हात शिवशिवले. कडाड्कन मोडली, साल काढली, आणि साहेबासारखी फिरवत, वाटेतल्या घाणेरीच्या झुडपांचे शेंडे उडवत गावातून निघालो. जंगलात आल्यापासून प्रथमच मला बरं वाटत होतं.

धाकू नावाचे एक म्हातारे शेतकरी बांध घालत होते. त्यांनी काठीकडे पाहिलं.

"कुठनं आनली?"

"त्या तिकडून. पडलेल्या झाडाची आहे हो, नुसती वाया जात होती."

धाकूंनी फावडं ठेवलं, दोन पावलं मागे सरकले आणि असे ओरडले की समोरच्या उतारावरची कुऱ्हाडसुद्धा थांबली. घटकाभरात सगळं गाव जमलं. काठी टाकून देऊ का, म्हणून मी विचारलं तर "टाकू नगंस!", खाली ठेवू का, तर "जमिनीला लावू नगंस!" शेवटी अनवाणी, दोन्ही तळहातांवर ती काठी आडवी धरून, मी पुढे आणि गाव मागे, अशी वरात रहाटापर्यंत गेली. शेपटाला कुत्री. पुढे माझ्या लग्नातही इतकी माणसं नव्हती.

देवाचा गुरव सखाराम हा ठेंगणा, पानाने ओठ रंगलेला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. त्याने काठी जागेवर ठेवून घेतली, नारळ फोडला आणि निवाडा दिला. "सोमवारी कौल लावायचाच हाय. त्या वक्ताला ह्यो काठीवाला म्होरं बसू दे. देवाला बघू दे तरी, कोन हाय त्यो."

घरी सुमा दाराशी उभी होती. "वश्या," ती हळूच म्हणाली, "तुला हातात धरायला काठी हवी म्हणून माझं लग्न होणार आहे बहुतेक."

सोमवारी सकाळी रहाटात सगळे बसले. देऊळ म्हणजे चार खांबांवर गवताचं छप्पर, खाली शेंदूर लावलेला काळा दगड. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. मी देवाच्या पुढ्यात, हातभर अंतरावर. गुरवाने जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दगडाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मग त्याने ऊद टाकला आणि गाऱ्हाणं घातलं, की बाबा, पोरंसोरं नदीपल्याड शाळेला जातील, गुरंढोरं उतरतील, तुझा पडलेला ऐन साकवाला देतोस का? रानातल्या पोराकडून चूक झाली ती पोटात घाल. 'रानातलं पोर' म्हणजे मी, समुद्रकाठचा, पण दुरुस्ती करण्याची ती वेळ नव्हती.

पाकळ्या पडेनात. देव विचार करत होता. लोक गुडघ्यांना मिठी घालून बसले होते, कोणाला घाई नव्हती. घाई एकट्या मला. एक मुंगळा माझ्या पोटरीवरून वर निघाला होता, तो मी सहन केला. पाय बधिर झाला, तोही सहन केला. पण गुरवाने पुन्हा ऊद टाकला आणि तो धूर सरळ माझ्या नाकात आला. मी श्वास कोंडला. नाक दाबलं. मुंबईची गोदी डोळ्यांसमोर आणली. आणि मग जी शिंक आली, ती आमच्या खानदानात आजोबांनंतर कोणाला आली नसेल.

दोन्ही पाकळ्या थरथरल्या. उजवी चिकटून राहिली. डावी पडली.

मग धाकू बोलले. "डावा कौल. झालं."

"देवानं पाडला, का ह्या पोरानं?" एकजण म्हणाला.

"पाडला कुनी का असंना. डावा त डावा. आन् वर शिंक. म्हंजे डबल न्हाय."

"पन शिंक कशानं आली? उदानं. ऊद कुनाचा? देवाचा. मंग शिंक बी देवाचीच की."

"तेच सांगतो ना मी. देवानं शिंकून सांगितलं, न्हाय म्हून."

वाद माझ्या नाकावरून वाहत चालला होता. आपण काही मदत करावी, या भावनेने मी म्हणालो, "मी परत एकदा उजव्या बाजूला तोंड करून शिंकून बघू का?"

आबांनी डोळे मिटून घेतले. सखाराम गुरवाने पान थुंकायच्या निमित्ताने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. वळला तेव्हा चेहरा गंभीर. एकच गाऱ्हाणं वर्षातून दोनदा घालता येत नाही, तो म्हणाला. ऐन देवाचा, तो देवापाशीच राहील. माणसं उठायला लागली. बायकांत सुमा उठून उभी राहिली होती. आत्याने तिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं आणि ती स्वतः उभी राहिली. आत्याला चार माणसांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"सखारामभाऊ, झाडाचं झालं. आता माझं एक गाऱ्हाणं घाला."

"बोला वयनी."

"साकव नाही तर नाही. मुलगी रोज जाणार कशी, येणार कशी, ही काळजीच नको. पावसाळाभर तिने पलीकडेच, शाळेच्या खोलीत राहावं का, तेवढं देवाला विचारा."

आबा ताडकन् वळले. तोंड उघडलं.

"तुम्ही एक अक्षर बोलणार नव्हतात ना?" आत्या म्हणाली. अगदी मऊ आवाजात, जणू भात आणखी हवा का विचारावं तशी.

या खेपेला मला आत ठेवण्यात आलं नाही. तोंडाला उपरणं बांधून मला पन्नास हात लांब एका वेलीखाली बसवलं, आणि पहाऱ्याला धाकूंना. त्यामुळे त्या कौलाबद्दल मी जे सांगतो ते कानावर भिस्त ठेवून. गुरवाचं पुटपुटणं ऐकू आलं. मग काहीच नाही. मग एकदम बांगड्या वाजल्या, खूप बांगड्या, आणि मला कळलं की उजवी पाकळी पडली. गुरवाने ती मुळात जरा कमीच भिजवली असणार, असं धाकू मरेपर्यंत म्हणत राहिले. सुमाला मी पुढे विचारलं, तर ती म्हणाली, "वारा होता." पन्नास हातांवर माझ्या उपरण्याचं टोकसुद्धा हललं नव्हतं.

आबा शब्दाचे पक्के. कौलाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. माझ्याबद्दल बोलायला मात्र त्यांना कोणी बांधलं नव्हतं.

"एकटी मुलगी राहणार नाही," घरी आल्यावर ते म्हणाले. "हा राहील सोबतीला. देवापुढे शिंकलाय, आता निस्तरेल."

"पण आबा, माझा निकाल... मुंबईला..."

"पास झालास तर नदी उतरल्यावरही पासच असशील."

मी आत्याकडे पाहिलं. ती सोड्यांची उरलेली पुरचुंडी बांधत होती, दोन माणसांच्या हिशेबाने. सखारामाने तर दारातून विचारलं, "वसंतराव, तुमच्याबी जाण्याचा कौल लावू का?" मी नको म्हणालो. त्या पाकळ्यांवरचा माझा विश्वास उडाला होता. गोदीतली ती जागा काही माझ्यासाठी थांबली नाही. बरंच झालं, असं म्हणायला मला पुढे वीसेक वर्षं लागली.

शाळा उघडायच्या आधी आम्ही कोरड्या नदीतून पलीकडे गेलो. माझ्या डोक्यावर सुमाची ट्रंक, तिच्या डोक्यावर तांदूळ. शाळेला लागून एक खोली होती, मातीची, बुटकी, आणि मास्तरांच्या छत्रीची खुंटी तेवढी भिंतीत शाबूत. पण सुमा सुटली असं समजू नका. रोज संध्याकाळी आबा गोटे तुडवत यायचे. कडी नीट लागते का बघायचे. दाराच्या फळीवर पेर वाजवायचे. पाऊस लागला, नदीला घोट्याएवढं पाणी आलं, तरी आले. गुडघ्याएवढं आलं, तरी धोतर खोचून आले. आणि जाताना उंबऱ्यात थांबून दरवेळी तेच. "अजून विचार कर. माणगावचे थांबलेत. उद्या सकाळी चल म्हणालीस तर ट्रंक मी उचलतो." सुमा मान खाली घालून ऐकायची. ते गेल्यावर तिला भाकरी जायची नाही. एकदा ती मला म्हणाली, "वश्या, मी एखाद दिवशी हो म्हणेन रे. नुसती दमून." मी त्यावर काहीतरी विनोद केला. तो आठवत नाही, हे बरंच.

मग एका सकाळी नदी आली. तिकडे असंच म्हणतात, नदी आली. आवाज आधी पोचला आणि आम्ही दोघं धावत काठावर गेलो. तांबडं पाणी, त्यात अख्खी झाडं, मुळं वर करून. आवाज असा की छातीत घुमत होता. कितीतरी दिवसांनी माझ्या कानांना काहीतरी ओळखीचं मिळालं. पलीकडच्या काठावर आबा उभे होते, डोक्यावर पानांचं इरलं, हातात काठी. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. हात पुढे येत होता, बोट नाचत होतं. एरवी मोजकं बोलणारा माणूस, त्या दिवशी किती बोलत होता!

"काय म्हणतायत?" मी सुमाच्या कानात ओरडून विचारलं.

तिने कानामागे हात धरला. थोडं पुढे वाकली. नीट, मन लावून ऐकण्याचा प्रयत्न केला. मग ती सरळ उभी राहिली, आणि महिनाभरात प्रथमच तिचे खांदे खाली आले.

"काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

पोरं शाळेच्या पडवीत जमायला लागली होती. सुमाने पलीकडे पाहून, लांबून दिसेल अशी, दोनदा मान डोलावली, जसं सगळ्यालाच "हो" म्हणावं. मग पदर खोचला आणि घंटा द्यायला वळली. पडवीत टांगलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर तिने हातोडी मारायला घेतली, ती थांबेचना. आबा अजून बोलतच होते.